परक्या गावाची नक्कल

औरंगाबादला ड्रॉइंगच्या कोर्सला असताना मायच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, निरोप आमच्या बाजूच्या एका एसटी कंडक्टरनं आणून दिला. मी गावी, टेंभुर्णीला, पोचलो तेव्हा माय बाजेवर पडलेली होती. तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि डावा हात दुसऱ्याच कुणाचा तरी आणून पोटावर ठेवल्यासारखा.

दादा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. त्यांची शाळा शेजारच्या खेड्यात. सकाळी सायकल काढली की संध्याकाळीच परत. बहीण लग्न होऊन नांदेडकडं गेलेली, तिला पहिल्यांदाच दिवस गेलेले. मायजवळ दिवसभर बसायला मीच होतो. राहा म्हणून मला कुणी सांगितलं नाही आणि परत जा म्हणूनही नाही. दिवस जात राहिले आणि कधीतरी कोर्स सुटला.

शेजारची काकू सकाळी येऊन तिला धुऊन-पुसून लुगडं बदलून जाई. बाकीचं मी करायचो. पाणी पाजायचं, कूस बदलायची, भाकरी दुधात कुस्करून भरवायची. मायचं बोलणं जड झालं होतं, शब्द जिभेवर अडायचे. डोकं मात्र शाबूत होतं. दुपारी ती आढ्याकडं बघत पडून राही आणि मी उंबऱ्यात बसून रस्त्याकडं बघत राहायचो. घरात दोन माणसं असून दिवसभर आवाज नसायचा.

एकदा काकू दिवसभर थांबायला तयार झाली म्हणून मी जालन्याला गेलो. हायस्कूलला मी तिथंच वसतिगृहात राहून शिकलो होतो. ज्यांच्यामुळं ड्रॉइंगकडं वळलो ते सर अजून त्याच शाळेत होते. उंच, किडकिडीत माणूस. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले, त्यामुळं मराठी बोलतानाही तो लहेजा मधूनच यायचा. बायको वारलेली, मुलगी हैदराबादला दिलेली. एका खोलीत राहायचे, आणि त्या खोलीला कायम टर्पेंटाइनचा वास असायचा.

"कोर्स सुटला, सर," मी म्हणालो.

त्यांनी मायची चौकशी केली. मग विचारलं, "तेलरंगाला हात लावलाय का कधी?"

"न्हाई. पुढं शिकवणार होते."

ते उठले, बाजेखालची ट्रंक ओढली आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेलं एक छापील चित्र काढलं. कुठल्या तरी विलायती मासिकातलं पान असावं. कडा पिवळ्या पडल्या होत्या. एक कच्चा रस्ता वळण घेऊन गावात शिरतो. दोन्ही बाजूंना उंच, पानं झडलेली झाडं. मागं उतरत्या छपरांची घरं, त्यातल्या एकाची पांढरी भिंत उन्हात. रस्त्यावर ओझं घेऊन चाललेली एक बाई, तीही रंगाच्या चार फटकाऱ्यांत उरकलेली.

"फ्रान्समधलं गाव. शंभरेक वर्षांपूर्वीचं," सर म्हणाले. "मला शिकवणारं कुणी नव्हतं. मी याच्यावर शिकलो. याची नक्कल कर. त्या माणसानं जिथं पाय ठेवला बराबर तिथंच आपण ठेवायचा. आपलं काही घालायचं न्हाई. बिलकुल न्हाई."

निघताना त्यांनी अर्ध्या वापरलेल्या ट्यूबा, दोन ब्रश आणि रंग खरवडायची पातळ सुरी एका पिशवीत घालून दिली.

सुताराकडून चौकट करून घेतली आणि तिच्यावर मांजरपाट ताणून ठोकला. सरस उकळून त्याचा हात दिला, वाळल्यावर वरून पांढरा रंग. तेल सरांनी सांगितलं तसं केलं: बाजारातून जवसाचं तेल आणून काचेच्या बाटलीत उन्हात ठेवलं, पिवळेपणा उतरेपर्यंत. बाटली उघडली त्या दिवशी वास घरभर झाला. माय डोळे मिटून पडली होती, ती न उघडता म्हणाली, "जवसाची चटणी करून राह्यला का?"

"न्हाई माय, रंगात घालायला."

"खायचं तेल रंगात घालतेत," ती म्हणाली, आणि तोंडाचा चांगला कोपरा जरासा हलला. आजारपणानंतर ती हसल्याचं मला तेवढंच आठवतं.

दाराजवळ उजेड येई तिथं स्टुलावर ते छापील चित्र ठेवलं आणि त्याच्यावर दोऱ्यांच्या चौकटी ताणल्या. कापडावर कोळशानं तशाच चौकटी मोठ्या करून आखल्या आणि एकेक चौकट भरत गेलो. माझा हात पेन्सिलीला सरावलेला. खिडक्या नीट काढल्या, छपराच्या कडा पट्टीनं मारल्यासारख्या, झाडाखालच्या सावलीत काळा रंग भरला. मला ते फार चांगलं वाटत होतं. ओलं कापड धोतराच्या पानात सैल गुंडाळून, मांडीवर आडवं धरून, रंगांच्या पिशवीसकट एसटीनं जालन्याला नेलं.

सरांनी ते खिडकीशी धरलं. मग सुरी घेतली आणि वरून खाली सगळं खरवडून काढलं. रंगाचा मळकट गोळा त्यांनी कागदावर पुसला.

"तुला ठाऊक हाय ते काढलंस. दिसतंय ते न्हाई काढलं," ते म्हणाले. त्यांनी छापील चित्र माझ्यापुढं धरलं. "या झाडाची सावली काळी हाय का? दाखव कुठं."

मी बघितलं. सावली जांभळी होती आणि कडेला निळी.

"आन् ही भिंत पांढरी हाय?"

भिंतीत पिवळा होता, गुलाबी होता, छपराखाली पुसट हिरवा होता. निव्वळ पांढरा कुठंच नव्हता.

"काळ्याची ट्यूब इथंच ठेवून जा."

मी ती ठेवून आलो. परतीच्या एसटीत मी खरवडलेलं कापड मांडीवर घेऊन बसलो होतो आणि मला रडू येत होतं. कोर्स सुटल्याचं, मायचं, सगळं त्या खरवडण्यात आल्यासारखं झालं होतं. टेंभुर्णीला उतरलो तर काकू ओट्यावर वाट बघत होती. "तुझ्या मायनं दुपारपासून घास घेतला न्हाई. तू कुठं गेला म्हणून इचारून राह्यली," ती म्हणाली.

थंडीचे दिवस होते. सकाळी मायची बाज आम्ही ओट्यावर उन्हात काढायचो. समोर शेजाऱ्याची चुन्यानं सारवलेली भिंत होती आणि तिच्यावर लिंबाची सावली पडायची. जन्मापासून बघत आलेली भिंत. एका सकाळी मी तिच्याकडं डोळे बारीक करून बघत होतो. सरांचे शब्द डोक्यात होते. मला ती सावली करडीच दिसत होती.

"माय, ती सावली कोणत्या रंगाची दिसती तुला?"

मायनं मान वळवली. तिला वेळ लागायचा. "निळीची," ती म्हणाली. "नीळ जास्ती झालेल्या लुगड्यासारखी."

तिनं सांगितलं आणि मग मलाही दिसली. एकदा दिसल्यावर दिसायची थांबेना. विटांच्या ढिगाची, सायकलीची, मायच्या बाजेची, सगळ्यांची सावली निळी. त्या दिवशी मी कापड पुन्हा पांढरं केलं.

दुसऱ्या वेळी मी चौकटी फार आखल्या नाहीत. आधी पातळ रंगानं आभाळ, जमीन, घरं असे मोठे मोठे तुकडे बसवले. ते सुकल्यावर वर जाड रंग. दोन रंग ताटलीत घोटायचे नाहीत, शेजारी शेजारी ठेवायचे; लांबून बघितल्यावर डोळाच त्यांना एक करतो. लावला फटकारा तसाच सोडायचा, गोंजारायचा नाही. हे सोडणं मला सगळ्यात जड गेलं. दर काही दिवसांनी तेल सुकण्यासाठी थांबावं लागे, आणि निळा तर सुकता सुकत नसे. कामाचा तो सावकाशपणा आमच्या घराला बरोबर बसला. माय बाजेवरून बघत राही. मी एखादा रंग लावून मागं सरकलो की तिच्याकडं बघायचो. आढ्याकडं बघणं तिनं सोडलं होतं.

घरं भरत आली तेव्हा एक दिवस तिनं विचारलं, "हे गाव कोणीकडून काढलंय?"

"कोणीकडून म्हंजी?"

"हा रस्ता येशीतून येऊन राह्यला का मागून?"

"ठाऊक न्हाई माय."

तिनं बराच वेळ बघितलं. उजवा हात उचलून तिनं बोट हवेतच चित्रावरून फिरवलं: झाडं, भिंत, छपरं, रस्ता.

"आपली घरं कुठं हायत याच्यात?"

मला आधी कळलंच नाही. "हे परदेशातलं गाव, माय. आपली घरं तिथं कुठून येतील?"

"आपली म्हंजी..." शब्द अडला. तिनं पुन्हा जमवला. "आपल्यासारख्यांची."

"तिथं तसं नसतं."

"तू पाह्यलं?"

"न्हाई."

"मंग." ती थांबली. तिला धाप लागली होती. "असं गाव नसतं, लेकरा. कुणी तरी भाईर असतंच."

मायचं माहेर आमच्या गावापासून फार लांब नव्हतं, तरी मी ते कधी बघितलं नव्हतं. लहानपणी इतर पोरं मामाच्या गावाला जायची आणि मी विचारलं की माय म्हणायची, मामा जालन्याला जिनिंगमध्ये कामाला हाय. तेवढंच. दादांकडून मोठेपणी थोडं कळलं होतं. आपल्या लोकांनी छप्पन साली धम्म घेतला, त्यानंतर त्या गावातल्या आमच्या वस्तीनं मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं. मग गावानं त्यांना काम द्यायचं बंद केलं, दळण बंद केलं, रस्ता बंद केला. माय तेव्हा नुकतीच लग्न होऊन इकडं आलेली. तिचे आईबाप, भाऊ, सगळी वस्तीच एकेक करून जालन्याला निघून गेली. माय माहेरपणाला गेली ती जालन्याच्या पत्र्याच्या खोलीत. ज्या घरात ती वाढली तिथं तिला पुन्हा जायला कारणच उरलं नाही.

त्या संध्याकाळी दादा हातपाय धूत होते तेव्हा मायनं पुन्हा विषय काढला. चित्राच्या खालच्या कोपऱ्याकडं बोट केलं. तिथं नुसतं शेत होतं, मातकट फटकाऱ्यांचं.

"इथं काढ. दोन तरी घरं काढ."

"सरांनी काही घालू नको म्हणून सांगितलंय, माय."

दादा टॉवेल घेऊन दारात उभे होते. "कशाला आता ते," ते मायला म्हणाले. आवाज रागाचा नव्हता. मायला भिंतीकडं तोंड करता येत नव्हतं म्हणून तिनं नुसते डोळे मिटले.

त्यानंतर एका रविवारी सर स्वतःच आले. मी बोलावलं नव्हतं. काम कुठवर आलं ते बघायला आलो, म्हणाले. दादांनी त्यांना खुर्ची दिली. सर खुर्ची बाजूला करून मायच्या बाजेशी खाली पोत्यावर बसले. मी चहा केला. माय त्यांचा कप रिकामा होईपर्यंत त्यांच्याकडं बघत होती.

चित्र बघून सर म्हणाले, "आता जमून राह्यलंय." माझ्यासाठी ते पुष्कळ होतं. मग मायनं त्यांना तोच प्रश्न विचारला. तिचं बोलणं त्यांना कळलं नाही, मला सांगावं लागलं. सांगताना माझी मान खाली होती.

सरांनी ते छापील पान हातात घेतलं आणि पहिल्यांदाच बघत असल्यासारखं बघितलं.

"ताई, मी बी कधी तिथं गेलो न्हाई," ते म्हणाले. "इतकी वर्षं हे चित्र माझ्याजवळ हाय. हे मला सुचलं न्हाई. त्या गावाच्या भाईर कुणी राहत होतं का न्हाई, मला ठाऊक न्हाई."

माय ऐकत होती.

"ही नक्कल अशीच पुरी होऊ द्या," ते पुढं म्हणाले. "तुमचं गाव दुसऱ्या कापडावर काढू. तुम्ही सांगायचं, यानं काढायचं."

मायनं मान हलवली. जाताना दादा त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेले. ते दोघं वाटेत काय बोलले ते मला कळलं नाही, पण दादा परतले ते बाजारातून नवा मांजरपाट घेऊन.

नक्कल पुरी झाली. मी ती भिंतीला टेकवून ठेवली आणि दुसरं कापड ताणून पांढरं केलं. कोळसा घेऊन मायच्या उशाशी बसलो.

"सांग."

"ओढा," ती म्हणाली.

मी ओढा काढला.

"असा न्हाई. वर... गाव वर. आपण खाली."

मी पुसून पुन्हा काढला. तिनं बाभळ सांगितली, मग विहीर सांगितली. विहिरीशी तिच्यासारख्या बायका घागरी घेऊन लांब बसून राहायच्या, वरून कुणीतरी ओतेपर्यंत. ते सांगताना तिला एकेक शब्दाला इतका जोर लागला की मीच म्हणालो, आता पुरे, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी ओढा वेगळ्याच बाजूनं आला. कधी ती जालन्याच्या खोलीचं सांगायला लागायची, कधी आमच्याच घराचं. एकदा तिनं नुसतंच "बाई बसलीय, बाई बसलीय" म्हटलं आणि मला कळेना, कुठं. कापड कोळशानं काळं झालं. मी ते पुसून ठेवून दिलं, तिला जरा बरं वाटलं की करू म्हणून.

तिला बरं वाटलं नाही. एका दुपारी भरवताना घास तोंडातच राहिला. मी हाक मारली, तिनं बघितलं, पण बघणं माझ्यावर थांबलं नाही. दुसऱ्यांदा वारं गेलं होतं. काकू धावत आली, कुणीतरी दादांना आणायला सायकलवर गेलं. जालन्याला न्यायची गाडी ठरेपर्यंत माय गेली. आमच्या वस्तीतल्या लोकांनी त्रिसरण म्हटलं, पंचशील म्हटलं. बहीण पोचू शकली नाही, ती ओली बाळंतीण होती. मामा आले. ते मायच्या पायाशी बसले आणि घरातल्या तेलाच्या वासानं त्यांना ठसका लागत राहिला. मी बाटली बाहेर नेऊन ठेवली.

उन्हाळा लागला तेव्हा एक दिवस दादा म्हणाले, "चल." कुठं ते त्यांनी सांगितलं नाही. एसटीनं थोडं, मग पायी. एका कोरड्या ओढ्याशी ते थांबले.

वर गाव होतं. ओढ्याच्या अलीकडं, खालच्या अंगाला, मातीचे उंचवटे होते. भिंती विरघळून त्यांचे ढिगारे झालेले, त्यांच्यावर बाभळी उगवलेल्या. एका ढिगाऱ्यात अर्धं उखळ रुतलेलं होतं. दादा त्यातल्या एका उंचवट्यासमोर उभे राहिले. "हे असावं," ते म्हणाले. मग पुढच्या उंचवट्याकडं बघून म्हणाले, "नाहीतर ते."

वरून एक म्हातारा बैल घेऊन खाली आला. "कुणाचे?" त्यानं विचारलं. दादांनी सासऱ्यांचं नाव सांगितलं. "हां, ते जालन्याला गेल्ते," तो म्हणाला, आणि बैल घेऊन पुढं गेला. त्याच्या तोंडावर राग नव्हता, लाज नव्हती, काहीच नव्हतं.

मी पिशवीत रंग आणि एक लहान फळी आणली होती. दादा बाभळीखाली बसले आणि मी काढायला लागलो. हात भराभर चालला. मातीचे उंचवटे गुलाबी दिसत होते, बाभळीच्या सावल्या जांभळ्या. ओढ्याच्या वाळूत पिवळा आणि कडेला निळा. मी इतक्या सहज कधीच काढलं नव्हतं. घरी येऊन त्याच्यावरून मोठ्या कापडावर केलं. मायनं सांगितलेली विहीर आणि तिच्यापासून लांब बसलेली एक बाई, चार फटकाऱ्यांत.

दादांनी ते बराच वेळ बघितलं.

"लई देखणं झालंय," ते म्हणाले. नंतर म्हणाले, "असं न्हवतं ते."

"मंग कसं होतं?"

"आता कसं सांगू," असं म्हणून ते चूल पेटवायला गेले.

मी दोन्ही चित्रं जालन्याला नेली. सरांनी ती शेजारी शेजारी भिंतीला लावली आणि बाजेवर बसून राहिले. माय गेल्याचं त्यांना कळलं होतं.

"दोन्ही त्याचीच हायत," शेवटी ते म्हणाले. "त्या फ्रान्सवाल्याची."

मला तेच वाटत होतं.

त्यांनी ट्रंक ओढली आणि आपली चित्रं बाहेर काढली. ती त्यांनी कधी कुणाला दाखवली नव्हती. कुंडलिका नदी, जालन्याचा बाजार, कापसाच्या गाड्या, मशिदीची भिंत. सगळी सुंदर होती. आणि सगळ्यांवर तेच थंड, मवाळ ऊन पडलेलं होतं, जे जालन्यात मी कधी बघितलं नव्हतं.

"माझं बी तिथंच थांबलं," सर म्हणाले. "एवढं त्याच्या मागं मागं गेलो की परत यायची वाट सापडली न्हाई. तुला सांगायला पायजे होतं आधीच. पण दुसरं काही मला येतच न्हाई, बेटा. मी काय शिकवणार होतो?"

आम्ही दोघांनी मिळून ती चित्रं पुन्हा ट्रंकेत ठेवली. माझी दोन्ही मी तिथंच सोडून आलो.

पुढच्या वर्षी मी कोर्स पुरा केला आणि शहागडच्या शाळेत ड्रॉइंग शिक्षक म्हणून लागलो. सर रिटायर होऊन मुलीकडं हैदराबादला गेले. तिकडचा पत्ता मी कुणाकुणाला विचारला, पण मिळाला नाही. शहागडला हायवेवरून दिवसभर ट्रक जायचे आणि शाळेच्या बाकांवर धुळीचा थर बसायचा. पोरं चांगली होती. रविवारी मी गोदावरीकडं उतरायचो, कागद आणि कोळसा घेऊन. रंग नेत नसे. घाट, होड्या, म्हशी, कपडे धुणाऱ्या बाया. बरीचशी रेखाटनं फाडून टाकायचो.

दादा टेंभुर्णीला एकटेच राहायचे, स्वतः भाकरी थापायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याकडं यायचे. नदीवर माझ्याबरोबर यायचे आणि शेजारी दगडावर बसायचे. कधी माझ्या कागदाकडं बघायचे, कधी पाण्याकडं. अंधार पडायच्या आत ते "चला" म्हणायचे आणि आम्ही वर यायचो. मायबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही.